गिलावा ओला असेपर्यंत

"अहो बाबा, इथे कोण?"

परांचीवरून निकिफोरचा आवाज आला. त्याच्या हातात थापी होती आणि भिंतीवर, रंगवून झालेल्या झुपान देसिमिर यांच्या झग्याला लागून, ओल्या चुन्याचा एक पट्टा चकाकत होता. उंचीने अकरा वर्षांच्या मुलाएवढा.

"इथे कोण म्हणजे?" मी खालून विचारलं.

"म्हणजे इथे कोणाला उभं करायचं? झुपान झाले. बाईसाहेब झाल्या. त्यांच्या पुढ्यात धाकटा तिहो झाला. या बाजूला एक जागा उरली आहे. मी पहाटे गिलावा चढवून बसलोय आणि कोणी मला नाव सांगत नाही."

झुपान म्हणजे आमच्या सर्बियन डोंगरांतल्या एका खोऱ्याचा राजा. देसिमिर यांनी हे देऊळ नवसाने बांधलं होतं आणि रिवाजाप्रमाणे आतल्या भिंतीवर त्यांचं कुटुंब रंगवलं जात होतं. देसिमिर हातात देवळाची छोटी प्रतिकृती धरून उभे, शेजारी बायको, मुलं. ही नुसती शोभा नव्हती. त्या भिंतीवर जो मुलगा उभा असे तोच मुलगा. त्याचं नाव रोजच्या प्रार्थनेत घेतलं जाई, पुढे गादीवर त्याचा हक्क चाले, आणि बाप मेल्यावर सरदार भांडले तर भिंतीकडे बोट दाखवून भांडण मिटवता येई. जो भिंतीवर नाही, तो नाही.

"वोइन," मी म्हणालो. "तिथे वोइन."

"झुपानांनी सांगितलं?"

"सांगतील."

निकिफोर परांचीवरून पाय लोंबकळवत खाली वाकला. तो समुद्रापलीकडून आणलेला चितारी, आमची भाषा तोडूनमोडून बोलायचा. पण रंगाबद्दल बोलताना त्याची एक चूक होत नसे.

"हे बघा बाबा. ओला गिलावा रंग पितो. संध्याकाळच्या घंटेपर्यंत पिईल. नंतर नाही. वाळल्यावर काढलेला माणूस दहा वर्षांत पापुद्रे होऊन खाली गळतो, आणि मी गळणारी माणसं काढत नाही. उद्या ही परांची उतरणार, परवा बिशप येणार. तेव्हा आज."

"आजच आणतो नाव," मी म्हणालो आणि निघालो.

मी त्या देवळालगतच्या मठातला शिक्षक, गेरासिम. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. वोइनला मी चार वर्षं शिकवत होतो. तो देसिमिर यांचा थोरला, पहिली बायको स्ताना हिचा. स्ताना वरच्या डोंगरातल्या मेंढपाळ घराण्यातली. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर कोणाला तरी आठवलं, की स्तानाच्या आजोबांनी देसिमिर यांच्या वडिलांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरलं होतं. आमच्यात हे नातं रक्ताच्या नात्याहून जवळचं; अशा दोन घरांत लग्न चालत नाही. खरं तर खोऱ्यातल्या प्रत्येक म्हातारीला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण ते आठवलं तेव्हा, जेव्हा किनाऱ्यावरच्या सरदाराची मुलगी बेलोस्लावा लग्नाची झाली आणि तिच्याबरोबर बंदर नि मिठागरं येतील असं दिसलं. लग्न रद्द झालं. स्तानाला तिच्या खेचरांसकट माहेरी पाठवलं. पोराचं काय करायचं ते कोणी ठरवलंच नाही, म्हणून सात वर्षांचा वोइन माझ्याकडे मठात आला.

ठरवलं नाही, हेच त्याच्या आयुष्याचं नाव होतं. भिंतीवर आला तर झुपानचा थोरला मुलगा. नाही आला तर मेंढ्यांमागे. माझ्या हातून वर्णमाला गिरवलेला, स्तोत्रं मुखोद्गत असलेला, ग्रीकही थोडं वाचू लागलेला मुलगा मेंढ्यांमागे! माझ्या मनाला ते पटणं शक्य नव्हतं.

आधी मठाधिपती इलारियोन यांच्याकडे गेलो. ते मुदपाकखान्यात बिशपसाठी आणलेल्या माशांचे कल्ले उघडून बघत होते.

"वोइन?" ते म्हणाले. "चांगला मुलगा आहे. हा मासा कालचा वाटतो का रे तुला?"

"महाराज, गिलावा वाळतोय."

"वाळणारच. चुना आहे तो. गेरासिम, देऊळ देवाचं, भिंत देवाची, पण कुटुंब झुपानचं. मी नाव सांगितलं आणि उद्या बाईसाहेब रुसल्या तर मठाला मीठ कोण देणार? बाईसाहेबांना विचार."

"त्या हो म्हणाल्या तर तुम्ही निकिफोरला सांगाल?"

"त्या हो म्हणाल्या तर मी सांगायची गरजच काय?" असं म्हणून त्यांनी दुसरा मासा उचलला.

बेलोस्लावा पाहुण्यांच्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. तीन वर्षांचा तिहो त्यांच्या मांडीवर मधाची वाटी घेऊन बसला होता आणि मध वाटीत कमी, आईच्या बाहीवर जास्त होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्या चिडतील.

"गेरासिमबाबा," त्या म्हणाल्या, "लोकांना वाटतं मीच त्या पोराला पुसून टाकलं. मी काहीही केलेलं नाही. मी फक्त विषय काढला नाही."

"मग आता काढा, बाईसाहेब."

"आणि काय सांगू? माझ्या मुलाच्या वर अजून एक मुलगा उभा करा म्हणून? तुम्ही माझ्या जागी असतात तर सांगितलं असतंत?"

तिहोने चिकट बोट माझ्या दाढीकडे नेलं.

"मी नको म्हणणार नाही," त्या त्याचा हात धरत म्हणाल्या. "एवढंच करू शकते. धन्यांना विचारा. ते नदीवर आहेत, घोड्यांपाशी. उद्या पहाटे स्वारीला निघतात."

नदी म्हणजे उताराने खेचरावरून दोन घटकांची वाट. मठातलं एक खेचर लंगडत होतं आणि दुसऱ्यावर मासे आले होते, ते अजून दाणा खात होतं. मी चालत निघालो. दगडांची वाट, नवी चप्पल. अर्ध्यावर पोहोचलो तेव्हा टाचेला फोड आला होता आणि ऊन डोक्यावर होतं.

देसिमिर नदीकाठी घोड्यांचे नाल तपासत होते. बरोबर त्यांचे धाकटे भाऊ प्रिबिस्लाव होते, मोठ्याने हसणारे, मोठ्याने खाणारे. मी नमस्कार केला. देसिमिर म्हणाले, "थांब जरा." मी थांबलो. बेचाळीस घोड्यांचे नाल तपासून झाले. मग शेजारच्या खोऱ्यातला दूत आला. मग जेवण झालं. मग देसिमिर तंबूत थोडे आडवे झाले आणि राखणदाराने भाला आडवा धरला.

"निकड आहे," मी त्याला म्हणालो.

"सगळ्यांचीच असते, बाबा."

मी सावलीकडे बघत बसलो. झाडाची सावली पाण्यापर्यंत गेली, पाण्यात उतरली. वर देवळात तो पट्टा कडेने पांढरा पडायला लागला असेल, असं मनात येऊन मी उठायचो आणि पुन्हा बसायचो. आयुष्यभर मुलांना सांगत आलो, की धीर धरा, अक्षर घाईने वळत नाही. त्या दिवशी मला कोणी ते सांगितलं असतं तर मी काठी उगारली असती.

एकदाचे देसिमिर बाहेर आले. मी त्यांना बोलूच दिलं नाही.

"धनी, भिंतीवर तुमच्या उजवीकडे एक जागा आहे. तिथे वोइनला काढायचं का?"

ते चमकले. प्रिबिस्लाव हसले. "मला कोणी नाही विचारलं भिंतीवर येतोस का म्हणून!"

"तू घोड्यावर बरा," देसिमिर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काय येतं त्याला?"

"वाचतो. लिहितो. स्तोत्रं सगळी पाठ आहेत."

"घोड्यावर?"

"घोड्यांना तो आवडतो."

"मी घोड्यांना नाही विचारलं." पण ते किंचित हसले. "दिसतो कुणासारखा हल्ली?"

"कपाळ तुमचं आहे. बाकी आईसारखा."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता पुन्हा 'थांब जरा' म्हणतील.

"बेलोस्लावा काय म्हणाली?"

"नको म्हणाल्या नाहीत."

"म्हणजे सगळ्यांनी माझ्यावर सोडलं." ते एकदम चिडले. "चार वर्षं सगळे माझ्यावर सोडतायत! ठीक आहे. काढा. आज होतंय तर होऊ दे. पण ऐक, गेरासिम. गिलावा ओला असेपर्यंत माझा होकार. उद्या कोणी मला पुन्हा विचारायचं नाही. आज झालं तर देवाची मर्जी होती, नाही झालं तर नव्हती. मी एकच दिवस हो म्हणू शकतो."

मी त्यांचा हात कपाळाला लावला आणि चप्पल हातात घेऊन चढ चढायला लागलो. फोड फुटला होता. मला त्याचं काही वाटत नव्हतं. गुरूचं आयुष्य मुलं मोठी होऊन निघून जाण्यात संपतं. माझा एक तरी विद्यार्थी झुपान होईल, वाचता येणारा झुपान, असं मी त्या चढावर स्वतःशी शंभर वेळा म्हटलं असेन.

वोइन वर्गात नव्हता. प्रार्थनेच्या खोलीत नव्हता. शेवटी सापडला मठामागच्या टेकाडावर, जिथे सफरचंदाच्या फोडी वाळत घालत. शेजारी एक गाठोडं होतं. तो डोंगराकडे तोंड करून बसला होता आणि मला बघताच उठून धावत आला. चार वर्षांत मी त्याला असं धावताना पाहिलं नव्हतं.

"गुरुजी, स्वयंपाक्याने सांगितलं. माझी जागा रिकामी आहे म्हणे. कोणी नाव नाही दिलं. खरं ना?"

"होती रिकामी! आता नाही!" मला धाप लागली होती. "चल लवकर. तुझे वडील हो म्हणाले. तू भिंतीवर येणार."

त्याचं तोंड बंद झालं. आनंदाने गप्प झाला असं मला वाटलं. किती वर्षं मुलांचे चेहरे वाचतो मी, आणि त्या दिवशी मला काही वाचता आलं नाही.

"गाठोडं कसलं हे?" मी विचारलं.

"माझं. मीठवाले उद्या वर जाणारेत ना, आईच्या गावावरून." तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "आई जाताना म्हणाली होती, ज्या दिवशी त्यांना तू नको असशील त्या दिवशी माझ्याकडे ये. मला वाटलं आज तो दिवस आहे."

"वेड्या, त्यांना तू हवा आहेस!"

"हो," तो म्हणाला. "कळलं."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच राग आला. सकाळपासून माशांच्या, मधाच्या, घोड्यांच्या दारात उभा राहिलो होतो. टाच रक्ताने भरली होती. "तुला ठाऊक आहे का मी आज काय काय केलंय?" मी ओरडलो. "चार वर्षं शिकवलं ते मेंढ्यांना स्तोत्रं म्हणून दाखवायला?"

"आईकडेही मी म्हणेन की," तो म्हणाला. "तिला आवडतील."

मी त्याचा दंड धरला आणि ओढत खाली आणला. त्याने हात सोडवून घेतला नाही.

देवळात निकिफोर वाटीत रंग ढवळत होता. "आलात! अजून पितोय, थोडाच वेळ. उभा करा त्याला तिथे, खिडकीच्या उजेडात. चेहरा आधी. कपडे मी मनाने काढतो."

वोइन दाखवल्या जागी उभा राहिला. निकिफोरने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं, हनुवटी वर केली.

"एकदा काढलं की पुसता येत नाही ना?" वोइनने विचारलं.

"पुसता?" निकिफोर दुखावला. "पोरा, तुझ्या नातवांचे नातू मरतील तरी तू इथे असशील."

"बरं," वोइन म्हणाला.

आणि तो ताठ उभा राहिला. मीच शिकवलं होतं तसं: पाय जुळवून, हात बाजूला, नजर समोर. न आलेलं उत्तर विचारलं की तो असाच उभा राहायचा, शिक्षा झटपट होऊन जावी म्हणून. रडला असता तर मी त्याला दटावलं असतं. हट्ट केला असता तर समजावलं असतं. तो नुसता उभा होता. इतक्या लोकांना मी दिवसभर विचारत हिंडलो होतो, आणि ज्याला विचारायचं तो सकाळपासून टेकाडावर गाठोडं बांधून बसला होता.

निकिफोरने कुंचला बुडवला.

"थांबा," मी म्हणालो. "पट्टा नाही त्याच्या कमरेला."

"कपडे मनाने काढतो म्हटलं ना!"

"झुपानचा मुलगा बिनपट्ट्याचा उभा राहणार नाही. वोइन, वर्गातून पट्टा आण. पळू नको, पडशील. चालत जा."

तो गेला, आला. मी पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. गाठ डावीकडे आली म्हणून उजवीकडे घेतली. निकिफोर परांचीवर पाय आपटत होता.

"आता केस," मी म्हणालो.

"केसांना काय झालंय?"

"भांग वाकडा आहे." मी खिशातून फणी काढली. मग मला आठवलं, की भिंतीवर येण्याआधी मुलाला आपल्या वंशाची नावं आली पाहिजेत. असा काही रिवाज नाही. पण निकिफोर परदेशी होता. "वोइन, बापाकडच्या सात पिढ्या सांग. सावकाश. प्रत्येकाने काय बांधलं तेही सांग."

वोइनने माझ्याकडे पाहिलं. हुशार मुलगा. त्याला दुसऱ्या नावापाशीच सगळं कळलं. मग तो असा सावकाश सांगू लागला, इतका अडखळत, जणू आयुष्यात पहिल्यांदाच धडा म्हणतोय. तिसऱ्या नावापाशी, पणजोबांवर, तो चुकला, आणि मी त्याला पहिल्यापासून म्हणायला लावलं.

"बाबा!" निकिफोर ओरडला. "भिंत मरतेय!"

"चुकीचं पाठ झालं तर जन्मभर चुकीचंच राहतं," मी म्हणालो. "पुन्हा, वोइन."

घंटा झाली. निकिफोरने कुंचल्याचं टोक गिलाव्यावर टेकवलं आणि मग बोट फिरवलं. रंग बोटाला आला. त्याने वाटी खाली ठेवली, परांचीवरून उतरला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"चाळीस वर्षं भिंती रंगवतोय," तो हळूच म्हणाला. "वाऱ्याने गिलावा मारलेला पाहिलाय, उन्हाने मारलेला पाहिलाय. शिक्षकाने मारलेला आज पाहिला." मग त्याने वोइनकडे पाहिलं, आणि कुंचले धुवायला निघून गेला.

पहाटे मठाच्या दाराशी देसिमिर घोड्यावर बसले होते. "झालं?"

"नाही झालं, धनी. वाळला."

"दिवसभर होता तुला."

"हो."

त्यांचा जबडा हलला. "म्हातारा झालास तू," ते म्हणाले आणि घोडा वळवला. परत आल्यावर त्यांनी मला शिकवण्याच्या कामावरून काढलं. ते काम मला परत मिळालं तिहो सहा वर्षांचा झाल्यावर, कारण दुसरा कोणी ग्रीक जाणणारा नव्हता. निकिफोरने तो वाळलेला गिलावा उकरून काढला, नवा चढवला आणि तिथे एक सरूचं झाड रंगवलं. वोइन मीठवाल्यांबरोबर वर गेला. वळून पाहायचंसुद्धा विसरला. ओली टाच घेऊन मी दारात उभा होतो, आणि त्याचाही मला राग आला होता.

आता मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. लोक विचारतात, वोइन पुढे काय झाला? मेंढपाळ झाला. त्याचं एकही पत्र मला कधी आलं नाही.

पण त्या दिवसाचं काम बारा वर्षांनी संपलं. देसिमिर वारले आणि चाळीस दिवसही झाले नव्हते तोच प्रिबिस्लाव यांनी गादी घेतली. भर दुपारी त्यांचे शिपाई मठात आले. हुकूम साधा होता: भावाच्या वारसांना जिवे मारायचं नाही, डोळे काढायचे. आंधळा माणूस झुपान होत नाही. तिहो तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि देवळात माझ्याजवळ बसून ग्रीक वाचत होता. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत सर्वांत चांगला. त्याला त्यांनी अंगणात नेलं.

शिपायांचा नायक आत देवळात आला. थकलेला, सभ्य माणूस. त्याने शिरस्त्राण काढून काखेत धरलं आणि भिंतीसमोर उभा राहून बोटाने मोजलं. देसिमिर, बेलोस्लावा, त्यांच्या पुढ्यात तीन वर्षांचा तिहो, एक झाड.

"म्हातारे लोक म्हणतात, आणखी एक होता," तो म्हणाला. "वर डोंगरात कुठेसा. तुम्ही इथे जुने आहात, बाबा. देसिमिरना मुलं किती?"

बाहेरून तिहोची हाक आली, "गुरुजी!" तिहोलाही कोणी कधी विचारलं नव्हतं. त्याला भिंतीवर काढलं तेव्हा तो मध खात होता. आणि पुढे नऊ वर्षं रोज माझ्यासमोर बसत होता, तेव्हा मीही विचारलं नाही.

"भिंतीवर आहे तेवढाच," मी म्हणालो.

नायकाने मान हलवली, शिरस्त्राण घातलं आणि तो अंगणात गेला.